नंदिनीच्या नावाचा दुधाचा ग्लास

मी दुधाचा ग्लास बोलतोय. जरा चढ्या आवाजातच बोलणार आहे, तेव्हा तुमच्या हातात चहाचा कप असेल तर आधी तो खाली ठेवा. स्टीलच्या ग्लासानं एवढं तापू नये, असं तुम्ही म्हणाल. पण इतकी वर्षं रोज सकाळी माझ्यात उकळतं दूध ओतलं गेलं, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का?

नागपूरला लागून असलेल्या वाडीत अमरावती रोडवरून आत वळलं की गोदामांची रांग लागते. त्यातल्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर माझं घर आहे. खालून भरलेला ट्रक गेला की मांडणीतली भांडी थरथरतात आणि एकमेकांच्या अंगावर येतात. तेवढ्यात आमच्या गप्पा होतात. त्यामुळे या घरात कोण काय खातं, काय टाकतं आणि काय लपवतं, ते आम्हां भांड्यांना माणसांच्या आधी कळतं.

माझ्या अंगावर नाव कोरलेलं आहे : 'चि. नंदिनीस आबाजींकडून'. जिचं नाव मी मिरवतो, त्या पोरीला माझ्याकरवीच तीन वर्षं छळलं गेलं. मला राग येतो तो याचा.

पण आधी माझी ओळख करून घ्या. जन्म कारखान्यात झाला, अक्कल मात्र मला दुकानात आली. गांधीबागेच्या पलीकडे भांड्यांच्या दुकानांची ओळ आहे, तिथल्या एका फळीवर मी दीड वर्ष बसून होतो. गिऱ्हाईक पायरी चढतानाच ओळखायला मी तिथं शिकलो. मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेला बाप टिचकी मारून आवाज ऐकतो, कारण चांगलं स्टील घंटीसारखं वाजतं असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. वाजतं तर सगळंच! बाया हातात तोलतात आणि कडेवरून बोट फिरवतात. एक जावईबापू नुसते माझ्यात तोंड बघून भांग पाडायचे, मिशीवर हात फिरवायचे आणि काही न घेता निघून जायचे. त्यांच्यावर मी कधी रागावलो नाही. रागवायचं शिकलो ते वाडीला आल्यावर.

मला घ्यायला आले ते धोंडबा. पांढरंशुभ्र धोतर, वर कडक सदरा, ओठांवर भरघोस मिशी. आले आणि फळीवरच्या सगळ्यांत मोठ्या ग्लासावर, म्हणजे माझ्यावर, बोट ठेवलं.

"हा कोणता?"

"आबाजी, हा लस्सीचा आहे," दुकानदार म्हणाला. "नातीच्या वाढदिवसाले पाहिजे म्हणता ना? एक वर्षाच्या लेकराले हा छोटा घ्या."

"काहून? माह्या नातीचं पोट काय जन्मभर लहानच राहीन का?"

"तसं नाही, पण..."

"वाढीन ना बापा! दूध पिऊनच वाढीन. याच्यावर नाव टाक. आन् असाच एक मलेही दे, बिननावाचा."

यंत्राची सुई अंगावर फिरली तेव्हा खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. नाव मिळालं! फळीवरच्या शंभर ग्लासांत कुणाला मिळतं? बाजूचा बिननावाचा ग्लास हिरमुसला होता. तोच पुढे माझा सोबती झाला, आणि त्याच्याचमुळे मला धोंडबांचं गुपित कळलं.

धोंडबांची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही त्यांना नुसता हट्टी म्हातारा समजाल. काटोलकडच्या एका खेड्यात ते मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, गोठ्यावर राबायला होते. आठ वर्षांचं वय. शेण काढायचं, वासरं धरायची, चारा टाकायचा. समोर चरव्या भरून दूध वाड्यात जायचं. याच्या वाट्याला त्याचा वास यायचा, एवढंच. चरवी विसळलेलं पाणी वासराच्या पुढ्यात ओतलं जायचं, पण त्या लेकराच्या ओंजळीत कुणी कधी ओतलं नाही. सतराव्या वर्षी ते वाडीला पोती वाहायला आले. आज त्याच वाडीत त्यांचं स्वतःचं गोदाम आहे, दोन ट्रक आहेत, आणि रोज सकाळी घरात तीन लिटर दूध येतं. "माह्या घरचं लेकरू दुधाले तरसणार नाही," असं ते म्हणायचे तेव्हा माझाही ऊर भरून यायचा. त्या मालगुजाराच्या चरवीला मी मनातल्या मनात शिव्या घालायचो.

म्हणूनच सुरुवातीला मी आनंदानं भरून घेतलं.

पिशवीतल्या दुधाला धोंडबा 'प्लास्टिकचं पाणी' म्हणत. पहाटे साडेपाचला स्वतः गोठ्यावर जायचे आणि डोळ्यांसमोर पिळलेलं म्हशीचं दूध घेऊन यायचे. सून प्रीती ते तापवायची. साडेसहाला सगळे स्वयंपाकघरात जमायचे. दूध पिण्याची एकेकाची तऱ्हा बघण्यासारखी होती. मुलगा रोशन उभ्यानं एका दमात पिऊन टाकायचा आणि खालच्या ट्रकलाही ऐकू जाईल असा ढेकर द्यायचा. प्रीती साय बोटानं अलगद उचलून बशीच्या काठाला लावायची. तिला साय डोळ्यांसमोरही नको असायची. गोदामाचे मुकादम आनंदराव कधी वर आले की दुधात पोळी कुस्करून घ्यायचे. साखर दोन चमचे टाका म्हणायचे आणि तिसरा स्वतः टाकायचे. धोंडबा आपला ग्लास घेऊन मागच्या गॅलरीत जायचे. "दूध हवेवर प्यावं," असं त्यांचं म्हणणं होतं. परत यायचे तेव्हा मिशीला पांढरी कड लागलेली असायची.

आणि नंदिनी मला रिकामा करायची. पूर्ण. मग या घरचा रिवाज असा की तिनं मला तळहातावर उलटा करून दाखवायचं.

"उलटा कर," धोंडबा म्हणायचे. थेंब पडला तर आणखी अर्धा भरायचा. चार-पाच वर्षांची असताना तिला त्याचा खेळ वाटायचा. मला उलटा करून ती खदखदा हसायची. थेंब पडू नये म्हणून मीही अंग चोरून घ्यायचो. माणसांच्या खेळात भांडंही रमतं हो.

सातवं लागलं आणि खेळ संपला.

"मम्मी, पोट दुखून राहिलं."

"रोज शाळेच्या टायमालेच काहून दुखते वं तुह्यं?"

"खरंच दुखते. गुडगुड करते."

"व्हॅन आली खाली. चल, नाटक नको."

ती जायची. शाळेतून कधी फोन यायचा की पोरगी दोनदा संडासला गेली आणि आता रडते आहे. प्रीती कामं टाकून घ्यायला जायची, आणि घरी आणून पोरीला काय द्यायची? कोमट दूध! कशात? माझ्यात! तुम्हीच सांगा, ज्यानं पोट बिघडलं तेच औषध म्हणून पाजणारी माणसं आणखी कुठं असतील? रोशन हसून म्हणायचा, "आमच्या घरी नाटक कंपनी आहे." धोंडबांचं तर सरळ मत होतं : "पोट साफ होऊन राहिलं. चांगलंच आहे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत नंदिनी महिनाभर काटोलला आजोळी जायची. तिथं सकाळी तिला लिंबाचं सरबत मिळायचं, नाश्त्याला पोहे. परत यायची तेव्हा गाल भरलेले आणि पाय एका जागी ठरायचे नाहीत. जिन्यावरून वरखाली धावत सुटायची.

"काटोलची हवा लय चांगली," धोंडबा म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी मला काठोकाठ भरायचे.

हवा! मांडणीत बसून मी नुसता तडतडायचो. शहाणी माणसं, दोन-दोन ट्रक चालवतात, नागपूर ते रायपूर कोणता माल कुठं अडकला ते फोनवर बसल्या बसल्या ओळखतात. आणि ही साधी गोष्ट ओळखता येईना? दूध बंद झालं की पोरगी बरी, दूध सुरू झालं की आजारी. रोशनचा ट्रक असा एकाच घाटात दरवेळी बंद पडला असता तर त्यानं इंजिन उघडून बघितलं नसतं?

यंदा ती पाचवीत आहे. धावण्यात वर्गात कुणाला ऐकत नाही. शाळेत खेळाचे नागसेन सर आहेत. त्यांनी सहाशे मीटरसाठी तिचं नाव काढलं. निवडीच्या दिवशी धोंडबांनी माझ्यात खारकेची पूड घालून दूध भरलं, तेही दोनदा.

मैदानावर काय झालं ते मी बघितलं नाही. रोशन घरी येऊन जे बोलला तेवढंच मला ठाऊक आहे. पोरगी पहिली होती. तिसऱ्या फेरीत पोट धरून वाकली, आणि रेघेच्या बाहेर पळाली ती थेट संडासाकडे. पोरं हसली.

"घाबरली," रोशन म्हणाला. "सर म्हणाले, पंधरा दिवसांनी एक मोका देतो. त्याच्यातही असंच झालं तर नाव कटलं."

नंदिनी कोपऱ्यात बसली होती. "मी नाही घाबरली," एवढंच म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

"कमजोरी हाये," धोंडबांनी निदान केलं. "आता सांजच्यालेही एक ग्लास."

त्या संध्याकाळी एक ट्रक खालून गेला, भांडी थरथरली आणि बिननावाचा ग्लास माझ्या अंगावर आला. म्हणाला, "सांगू नये, पण सांगतो. म्हातारा पीत नाही."

"काय पीत नाही?"

"दूध. गॅलरीत जातो, तगरीच्या कुंडीत ओततो. मग बोट बुडवून मिशीला लावतो. मी या घरात आल्यापासून एक घोट त्यांनी माझ्यातून प्यालेला नाही. पितो तो काळा चहा, तोही खाली गोदामात."

मी रागावणारा ग्लास झालो तो त्या दिवसापासून. अरे, आपल्या पोटाला जे सोसत नाही ते आपण कुंडीत ओतायचं, आणि तेच नातीच्या घशात ओतून वर तिच्याकडून ग्लास उलटा करून घ्यायचा! मला हात असते तर मीच त्यांचा ग्लास उलटा करून घेतला असता.

दुसऱ्या निवडीची सकाळ आली. प्रीतीनं मला भरलं. नंदिनीनं मला दोन्ही हातांत धरलं. आबाजी गॅलरीत गेले, तशी ती अचानक म्हणाली, "मीही हवेवर पिते," आणि मला घेऊन त्यांच्या मागोमाग निघाली.

धोंडबा कुंडीवर वाकले होते. ग्लास तिरपा, दुधाची धार मातीत. पाठीमागे चाहूल लागली तसे ते वळले. तोवर एक बोट मिशीला लागलेलं होतं.

खाली आनंदराव कुणाला तरी ट्रक मागे घ्यायला सांगत होते : "आन् दे, आन् दे, बस!"

"आबाजी," नंदिनी हळूच म्हणाली, "तुमचंही दुखते?"

म्हाताऱ्यानं रिकामा ग्लास पाठीमागे लपवला.

"मले शिकवा ना मंग. मले तर मिशीही नाही."

मला वाटलं, आता तरी हा माणूस आत जाईल आणि सुनेला सांगेल. पण नाही! त्यांनी माझ्यातलं दूध झटकन कुंडीत ओतलं, धोतराच्या सोग्यानं तिच्या ओठांवर एक थेंब लावला आणि म्हणाले, "कोणाले सांगजो नको. आपल्या दोघाईत राहू दे."

पोरीनं मान हलवली. तिला तेवढंही पुष्कळ होतं. त्या दिवशी ती निवडीत पहिली आली.

आणि मग घरात काय गजर झाला म्हणता! "पाहा, दुधाचा पराक्रम!" रोशन फोनवर साऱ्या नातेवाइकांना सांगत होता. गल्लीतल्या बाया प्रीतीला विचारायला यायच्या की किती देता, खारीक कधी घालता. शेजारची पायल आपल्या पाच वर्षांच्या पोराला धरून पाजायला लागली. धोंडबा मधोमध बसून ऐकायचे, मान डोलवायचे आणि आठ दिवस रोज सकाळी दोन ग्लास आणि संध्याकाळी तिचा एक, असं दूध कुंडीत ओतायचे. पोरगी बरी होती हे खरं. पण तिचं दुखणं अजूनही नाटकच ठरलेलं होतं, आणि जिंकली ती दुधानं, असा घराचा निकाल होता. तगरीची पानं पिवळी पडली, आणि तिलाही काय झालंय ते कुणी विचारलं नाही.

जिल्ह्याच्या शर्यतीच्या दिवशी नागसेन सर तिला न्यायला स्वतः घरी आले.

"जय भीम, आबाजी! तयार आहे का आमची हरणी?"

"जय भीम, या सर, बसा," धोंडबा म्हणाले. प्रीती लगबगीनं आत आली आणि तिनं मला काठोकाठ भरलं, साय वरच ठेवून, आणि बाहेर सरांसमोर आणलं. "सर, हिचं सगळं रहस्य याच्यात आहे. पी बेटा, सरांना दाखव."

"मी हवेवर जाऊन पिते."

"आज नाही. आज सरांसमोर. आणि उलटा करून दाखव."

नंदिनीनं आबाजींकडे बघितलं. आबाजी जमिनीकडे बघत होते. तासाभरानं शर्यत होती. तिनं एक शब्द जरी काढला असता तरी सुटली असती. पण तिनं वचन दिलं होतं, आणि दहा वर्षांची पोरगी ते पाळत होती. तिनं मला उचललं. माझ्या काठाला तिचे ओठ लागले. एक घोट गेला. मी ओरडत होतो हो, आतून नुसता ओरडत होतो!

"ठेव तो ग्लास."

आवाज धोंडबांचा होता. ते उठून उभे राहिले होते.

"तिले दूध पचत नाही. मलेही पचत नाही."

"बाबा, काय मजाक करता?" रोशन हसला. "सकाळीच तर प्याले ना तुम्ही."

"कुंडीत ओततो मी. तिचंही मीच ओतलं. म्हणून तर ते पोट्टी धावली." त्यांनी हातानं मिशी पुसली. "वाडीत आलो तवा पहिल्या पगाराचं दूध प्यालो होतो, हाटेलात बसून, दोन गिलास. जन्माची हौस. दुसऱ्या दिवशी पाठीवर पोतं असताना... धोतर खराब झालं माह्यं. सारे हमाल हासले. मुनीम म्हणे, 'याचं पोट गोठ्यातलं, याले दूध काय पचीन!' त्या दिवशी ठरवलं. कोणाले कळू द्यायचं नाही. दूध माह्या घरात येईन आन् साऱ्याईच्या देखत पिऊन राहिलो असं दिसीन."

नागसेन सर खुर्चीत पुढे सरकले.

प्रीती लेकीसमोर खाली बसली. नंदिनीला जवळ ओढून म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं वं तू?"

"मी तर रोजच सांगत होती, मम्मी."

मी दुधानं भरलेला तसाच टेबलावर होतो आणि वरची साय हळूहळू सुरकुतत होती.

शर्यतीत ती पाचवी आली. एक घोट गेलाच होता ना! पण शेवटच्या रेघेपर्यंत धावली. दोन दिवसांनी डॉक्टर भैरवीबाईंनी तिला तपासलं आणि मग म्हाताऱ्यालाही. त्या म्हणाल्या, "दुधातली साखर पचवायची ताकद पुष्कळांची वाढत्या वयात कमी होते. हे कोणत्याही घरात असतं. माझ्याच घरात तिघं आहेत. ताक, दही थोडं थोडं देऊन पाहा, आणि दूध सोडा. यात लाजायचं काय आहे?"

दोन मिनिटांत आटोपलं. दोन मिनिटांच्या या गोष्टीसाठी म्हाताऱ्यानं पन्नास वर्षं मिशी भिजवली, आणि नातीनं तीन वर्षं पोट धरलं.

आता धोंडबा काळा चहा वर घरात, सगळ्यांसमोर पितात. पाहुणा आला आणि त्यानं विचारलं तर सरळ सांगतात. पायलकडे स्वतः जाऊन म्हणाले, "लेकराले धरून पाजू नको वं, आधी त्याले विचार." नंदिनीनं त्यांना केव्हाच माफ केलं, संध्याकाळी दोघं हातात हात घालून मैदानावर जातात. प्रीती अजून कधीकधी तिच्याकडे बघत मध्येच थांबते.

मी माफ केलेलं नाही. मालगुजाराला नाही, त्या मुनिमाला नाही, आणि धोंडबांनाही अजून पूर्ण नाही. मी आता नंदिनीच्या खेळाच्या पिशवीत असतो. दोन ठिकाणी पोचे आले आहेत, नावापुढचा 'स' घासून गेला आहे. माझ्यात पाणी असतं, कधी जिरं घातलेलं ताक. ती धावून येते, घटाघटा पिते आणि तळाशी उरलेलं सरळ गवतावर फेकून देते. कुणी काही म्हणत नाही.

तुमच्या घरीही नाव कोरलेला एखादा ग्लास असेल. उद्या सकाळी तो उचलाल, आणि समोरचं लेकरू पोटावर हात ठेवून म्हणेल, "नको." तेव्हा त्याला नाटकी म्हणायच्या आधी, गोष्टी सांगायच्या आधी, खारीक कुटायच्या आधी एकदा खाली बसा आणि विचारा, "कुठं दुखते बाळा? कधीपासून?" उत्तर पूर्ण ऐका. ग्लास नंतर भरा.